नाताळची बारी

लासुर्ण्याच्या अलीकडच्या फाट्यावर आमचा टेम्पो उभा राहिला तेव्हा त्यात माझं सामान बायकोच्या सामानापेक्षा जास्त होतं, आणि ही गोष्ट तिनं मला अजून विसरू दिलेली नाही. तिचं एक कपाट, शिलाई मशीन आणि वाजवायची पेटी. माझं म्हणाल तर वाइंडिंगचं मशीन, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचे डबे, पाण्याच्या जळक्या मोटारींची धडं आणि या सगळ्याच्या डोक्यावर दोरीनं आवळलेली धर्मशास्त्राची पुस्तकं. सामान उतरवताना टेम्पोवाल्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही नक्की करता काय?" मी म्हटलं, "पाळक आहे. चर्चचा." तो बराच वेळ मोटारींकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "असेल."

खरं म्हणजे मी दोन्ही करतो. वडिलांचं नगरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तिथं मी आधी तार भरायला शिकलो आणि पाळकपणाचं शिक्षण मागाहून घेतलं. नगरच्या आमच्या जुन्या मंडळीत मी धाकटा पाळक होतो. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात चर्चमधली सगळी माणसं मिळून. एके दिवशी इकडच्या काही कुटुंबांचा निरोप आला: आम्ही बारामती-इंदापूरच्या मधली थोडी घरं आहोत, रविवारी एका पत्र्याच्या शेडमध्ये जमतो, आम्हाला कुणीतरी पाळक द्या. पगार द्यायची मात्र आमची ऐपत नाही. निरोप वाचून झाल्यावर मंडळीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. उपदेशही करील आणि स्वतःचं पोटही भरील असा त्यांच्या हाताशी मी एकटाच होतो.

बायको तेव्हा नगरला बालवाडीत शिकवायची. मंडळीचं गायन तिच्या हातात होतं, माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं. ती काही दिवस नुसती ऐकत राहिली. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "एक वर्ष येते. पुढचा नाताळ तिकडं करू. नाताळ झाला की राहायचं का परतायचं ते मी सांगेन. आणि मी सांगितल्यावर तुम्ही प्रार्थनेला बसून मला गुंडाळायचं नाही."

मी कबूल झालो. दुसरं करणार काय? तिच्याशिवाय मी कुठं राहिलोच नसतो, आणि तेवढ्या कोवळ्या मंडळीतून पाळक वर्षात उठून गेला तर ती घरं पुन्हा विखुरणार हेही मला दिसत होतं. म्हणजे त्या मंडळीचं पुढं काय व्हायचं ते बायकोच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि हे मंडळीत कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि म्हणून वर्षभर मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघत असायचो. ती म्हणायची, "काय बघताय? नवीन आहे का मी?"

दुकान चटकन चाललं. ऊसपट्ट्यात मोटार जळणं ही रोजची बाब आहे. व्होल्टेज पडतं, डीपी उडतो, ऑटो स्विच नको तेव्हा मोटार चालू करतो, आणि शेतकरी मोटारसायकलवर मोटार बांधून हजर होतो. मी दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी लावली. ती पाटी वाचून पहिल्यांदा आत आले ते रस्त्यापलीकडचे आबा. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली होती. आबांच्या काळात कळप गेला, ऊस आला, पण चालणं अजून कळपामागं चालल्यासारखं, न थांबता, न घाई करता.

"रविवारी कुठं जाता?" त्यांनी विचारलं.

"इथंच असतो, आबा. उपासना असते. मी पाळक आहे."

"पाळक म्हंजी? काय पाळता?"

आमच्यात पाळकाला मेंढपाळच म्हणतात, असं मी हौसेनं सांगून टाकलं. आबांनी दुकानात चारी बाजूंना नजर फिरवली. "मंग मेंढरं कुठं हायत?"

"ती रविवारी येतात."

"रविवारीच? मंग बाकीचं दिस कोन राखतंय?" आणि स्वतःच्याच प्रश्नावर खूश होऊन त्यांनी स्टूल ओढून घेतलं. मग सरळच विचारलं, "लोकास्नी बाटवाय आलाय का?"

"आबा, आहेत तेवढ्यांनाच सांभाळताना माझी त्रेधा उडालीय," मी म्हटलं. ते हसले. त्या दिवसापासून रोज सकाळचा चहा त्यांचा आमच्याकडं ठरला. बायकोला पहिल्या महिन्यात घडलेली चांगली गोष्ट विचारली असती तर तिनं आबांचंच नाव घेतलं असतं. दुसरी सांगता आली नसती.

कारण रविवार मोठा विचित्र निघाला. पहिल्या रविवारी शेड भरलेली. पुरुष, बायका, पोरं, पळसदेवहून धरणातली मासेमारी करणारं एक कुटुंब, बारामतीच्या एमआयडीसीतले दोघं नवरा-बायको. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. रात्री बायकोला म्हणालो, "बघ, देवानं दार उघडलंय." दुसऱ्या रविवारी देवानं ते बंद केलं असावं, कारण शेडमध्ये फक्त बायका आणि लेकरं. एकही पुरुष नाही. माझं कुठलं वाक्य कुणाला लागलं का, या विचारानं मी आठवडाभर पोखरून निघालो. तिसऱ्या रविवारी पुन्हा सगळे हजर, हसतमुख. चौथ्या रविवारी पुन्हा फक्त बायका.

शेवटी एका मावशींना विचारलं. त्या माझ्याकडे दयेनं बघत म्हणाल्या, "अवो पाळकसाहेब, दिवसाची लाईट हाय की ह्या आठवड्याला. मानसं दारं धराय गेल्यात."

दिवसभर मोटारींत डोकं घालून बसणारा मी, आणि मला हे सुचू नये! शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाईट असते तेव्हा मोटार चालते, मोटार चालते तेव्हा माणूस शेतात असतो. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी खोऱ्यानं एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत जाणं. ते सोडून माणूस स्वर्गातही जाणार नाही, शेडमध्ये काय येईल? मग मी उपासनेची वेळच लाईटला जोडून टाकली: एका आठवड्यात सकाळी, एका आठवड्यात दिवेलागणीला. नगरच्या वडीलधाऱ्यांना फोनवर हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. बायको मात्र ते बोलणं ऐकून पोट धरून हसली. "मंडळीचा कारभार महावितरणनं हातात घेतला म्हणा की." इथं आल्यापासून ती अशी पहिल्यांदाच हसली होती. मला वाटलं, चला, खातं उघडलं.

पण गाण्याचं दुःख तिला होतंच. नगरला तिच्यामागं चार सुरांत गाणारी तयार गळ्याची माणसं होती. इथल्या बायका कुठलंही गीत घेतलं की हळूहळू जात्यावरच्या ओवीच्या चालीवर नेऊन ठेवायच्या. ती पेटीवर एक सूर धरायची, त्या दुसऱ्याच वाटेनं चालू लागायच्या, आणि शेवटी सगळ्या मिळून छान पोचायच्या, पेटी मागं राहायची. घरी आल्यावर ती म्हणायची, "माझी गरजच नाही त्यांना." मी तोंडाला येईल ते धीराचं बोलायचो. ती म्हणायची, "उपदेश पुढच्या रविवारी करा." उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी झाली. ती कामात कुठंच कमी पडली नाही. पण कामात कमी न पडणारं माणूस मनानं कुठं आहे ते कळत नाही, आणि मला भीती वाटायची.

तुळशीची लग्नं झाली की इकडं माणसांची सुरू होतात. आबांच्या नातीचा साखरपुडा लोणी भापकरला ठरला आणि नेमकी त्याच दिवशी त्यांच्या उसाला कालव्याच्या पाण्याची बारी आली. विहिरीचं पाणी लाईटवर मिळतं, कालव्याचं बारीवर. आपली बारी चुकली की पुढच्या पाण्यापर्यंत ऊस ताटकळत राहतो. आबांचा गडी तापानं पडलेला. आबा चहाचा कप हातात धरून बसले होते, चहा पीत नव्हते.

"मी धरतो दारं," मी म्हणालो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

"तुमाला येतंय व्हय?"

"आबा, शंभर गावांच्या मोटारी बघतो मी. पाण्याचं काय अवघड आहे?"

आबांनी आभाळाकडं बघितलं, बहुतेक आमच्या दोघांच्याही देवाला एकदम विचारून घेतलं, आणि खोरं माझ्या हातात दिलं.

पहिला तासभर मी उत्तम दारं धरलं. पाणी सरीतून शहाण्यासारखं चाललं होतं. येत्या रविवारी यावरच बोलावं असंही मनात आलं. तेवढ्यात वरच्या अंगाला पाट फुटला. बघता बघता आबांचं पाणी बांध ओलांडून शेजारच्या हरभऱ्यात घुसलं. आणि हरभरा होता तात्यांचा. तात्या म्हणजे आबांचे धाकटे चुलतभाऊ. वाटणीच्या वेळी बांधावरून भांडण झालं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं बेतापुरतं. ऐन भरातल्या हरभऱ्याला पाणी जास्त झालं की झाड नुसतं पाल्यानं माजतं, घाटे धरत नाही. एवढं मला तेव्हा माहीत नव्हतं, पण दुसऱ्याच्या रानात पाणी जाणं चांगलं नव्हे एवढं कळत होतं. मी खोऱ्यानं माती टाकत होतो, माती वाहून जात होती. दगड टाकला, तोही गेला. शेवटी काही सुचेना तेव्हा मी स्वतःच त्या भगदाडात बसलो. पँट, बेल्ट, खिशातला मोबाईल, सगळ्यासकट.

तात्या खोरं उगारून शिव्या देतच आले. शिव्या आबांच्या घराण्याला होत्या. जवळ येऊन त्यांनी बघितलं तर आबांच्या जागी पाटात कमरेपर्यंत बुडून बसलेला चर्चचा पाळक.

"तुमी काय करताय हितं?"

"पाणी अडवतोय, तात्या."

तात्यांचं खोरं हळूहळू खाली आलं. मिशी थरथरायला लागली. मग ते बांधावर बसले आणि इतके हसले की मला वाटलं यांना आता काही होतंय. "उठा, उठा फादर," ते म्हणाले. "बसून पानी थांबत न्हाय. बसून थांबलं आस्तं तर आमची आर्धी भावकी धरनात नेऊन बसवली आस्ती." त्यांनी उसाचं पाचट भगदाडात कोंबलं, त्यावर माती चोपली, आणि पाणी थांबलं. नंतर उरलेलं दारं त्यांनीच धरलं, भावकी-बिवकी विसरून. मी बांधावर उभा राहून बघत होतो. तेवढंच काम त्यांनी मला दिलं.

गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. बायको दारात उभी होती, डोळ्यांतून हसण्याचं पाणी. दुसऱ्या दिवसापासून दुकानात मोटार नसलेली माणसंही यायला लागली. "कुठं बसला व्हता म्हनं?" तात्यांच्या घरून हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची जुडी आली, सोबत निरोप: फादरच्या पाण्याची भाजी हाय, घाटं येतील तवा येतील, आधी पाला खा म्हनावं. बायकोनं ती भाजी केली आणि जुडी घेऊन आलेल्या तात्यांच्या सुनेला बसवून घेतलं. दोघी दुपारभर बोलत राहिल्या. जाताना ती सून एक जुनी ओवी म्हणून दाखवत होती आणि माझी बायको पेटी बाजूला सारून नुसती ऐकत होती.

त्यानंतर तिचं काहीतरी बदललं. नाताळची गीतं शिकवताना तिनं पेटी उघडलीच नाही. बायकांना म्हणाली, "तुमच्या चालीवर म्हणा, मी तुमच्यामागं येते." आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर गव्हाणीत जन्मलेल्या बाळाच्या ओव्या घुमल्या. करंज्या लाटताना गाणं, निवडताना गाणं. पुरुषांनाही तिनं सोडलं नाही. शेवटच्या कडव्याला त्यांनी उठून सूर धरायचा असं ठरलं. आवाज जाड, पण काय ठसका! मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, देवा, हिला इथंच ठेव. अगदी असंच म्हणायचो, लहान मूल हट्ट करतं तसं.

आणि मग कालव्याच्या पाण्याची तारीख लागली. आमच्या मंडळीतल्या घरांची रानं एकाच चारीवर, म्हणजे कालव्याच्या एकाच छोट्या फाट्यावर, कुणाचं स्वतःचं, कुणाचं वाट्यानं केलेलं. त्या चारीला पाणी सुटणार होतं ते नाताळच्या सकाळी. उपासना संध्याकाळी ढकलावी तर तेही जमेना. मला अजून पाळकाची पूर्ण दीक्षा मिळालेली नव्हती, म्हणून प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्रसाद, द्यायला नगरहून मोठे पाळक येणार होते आणि दुपारीच त्यांना इंदापूरच्या पलीकडं दुसऱ्या मंडळीत पोचायचं होतं.

बायकोनं ऐकून घेतलं. "म्हणजे पुरुष कुणी नाही."

"बारी चुकवा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"सांगू नका." ती करंज्यांचं सारण भरत राहिली. एक करंजी मुडपून म्हणाली, "तीच गत. नाताळलासुद्धा." तिनं मान वर केली नाही. मला कळलं की वर्षाचा हिशेब ती मनात मांडते आहे, आणि तो माझ्या बाजूनं लागत नाही. आबांना मी चहाच्या वेळी हे सांगितलं ते नुसतं मन मोकळं करायला. ते चहा संपवून उठले, कप ठेवून निघून गेले.

नाताळची सकाळ. मोठे पाळक आले, बायका नवी लुगडी नेसून आल्या. बायकोनं पुढची सतरंजी पुरुषांसाठी मोकळी ठेवली होती, सवयीनं. मी पहिली प्रार्थना सुरू करणार एवढ्यात दाराशी चपलांचा आवाज झाला. पहिला आला, त्याच्यामागं दुसरा, मग सगळेच. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, पायाला चिखलाचा ठिपका नाही. मी प्रार्थना विसरून मोठ्यानं विचारलं, "अरे, पाण्यावर कोण आहे?"

"आबा हायत," पहिला म्हणाला. "तात्या हायत. त्यांच्या घरची समदी हायत. पहाटंच आली आन् खोरी आमच्या हातातनं काढून घेटली. म्हनली, सन हाय तुमचा, जावा."

मी बायकोकडं बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

त्या दिवशी शेवटच्या कडव्याला पुरुष उठले तेव्हा पत्रे हादरले. मोठे पाळक मला हळूच म्हणाले, "ही चाल कुठली?" मी म्हटलं, "इथली."

उपासना संपल्यावर कुणीच जेवायला बसलं नाही. आधी शेतात जेवण न्यायचं असं बायकांनीच ठरवलं. पळसदेवच्या कुटुंबानं आणलेल्या चिलापी माशांचा रस्सा, भाकरी, करंज्या. तात्या माळकरी, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यातली आमटी. आम्ही सगळे बांधावरून रांगेनं गेलो. आबा गुडघाभर चिखलात उभे होते. मी त्यांच्यापुढं हात जोडले. "आबा, हे कसे उपकार फेडायचे?"

आबा चिडले. खरंच चिडले. "कसलं उपकार? तुमी आमचं दारं धरलं व्हतं न्हवं? त्याची सावड हाय ही." सावड म्हणजे कामाच्या बदल्यात काम. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. जुनी रीत आहे.

"पण आबा, मी धरलं कुठं? मी तर पाट फोडला!"

"फोडला तर फोडला. आला तर व्हता!" आणि तात्यांनी पलीकडच्या सरीतून भर घातली, "बसला बी व्हता!"

सगळं रान हसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. बायकोनं बांधावर पंगत मांडली. जेवणं झाली तशी तात्या तिला म्हणाले, "पाळकीणबाई, मगाशी शेडातलं गानं हितवर ऐकू येत व्हतं. चाल आमची वळखीची लागली, शब्द न्हाय कळलं. जरा म्हना की." ती लाजली नाही, पेटी मागितली नाही. चाल तात्यांच्या सुनेनं उचलली, बायकोनं मागून शब्दांसकट सूर धरला, आणि तिच्यामागं सगळ्या.

सणानंतरचे दिवस मी गप्पच काढले. ठरल्याप्रमाणे ती सांगणार होती. मी विचारलं नाही, प्रार्थनेलाही तिच्यासमोर बसलो नाही. मग एका दुपारी दुकानात नगरच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचा फोन आला. माझे हात वार्निशनं भरलेले होते, म्हणून तिनं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"वर्ष झालं की, मुली," ते म्हणाले. "चर्चच्या आवारातलं घर झाडून घेतलंय. तुझ्या आईनं पडदेसुद्धा आणलेत. घरी कधी येताय?"

मी हातातली तार घट्ट धरून उभा राहिलो.

"येऊ ना, काका," ती म्हणाली. "पण आत्ता नाही, पुढच्या आठवड्यात आबांच्या नातीची हळद आहे. ती झाली की येतो दोन दिवस, पाहुणे म्हणून."